चारशे दोन मीटर आणि तेलातली घसरण

संध्याकाळी इंदूरच्या मल्हारगंजातून बडा गणपतीकडे निघालेल्या ऑटोमॅटिक गाडीकडे जरा नीट पाहावं. पुढे हातगाडी, बाजूला ई-रिक्षा, मागे हॉर्न. चालक ब्रेकवरचा पाय किंचित उचलतो आणि ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते. इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्या मारत असतं, चाकं जवळजवळ उभी असतात. त्या दोघांमधला फरक कुणी तरी गिळत असतं. तो गिळतं तेल, आणि ते तेल ज्या डब्यात फिरतं त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

हाच डबा लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यतीच्या गाडीत असला, तर शर्यतीचा निकाल बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरतो. ड्रॅग रेसिंग म्हणजे उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, सगळ्यात आधी पार करायचं. वळण नाही, डावपेच नाहीत. हिशेब दहा-बारा सेकंदांत मिटतो. त्या दहा-बारा सेकंदांत इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांच्या फेऱ्या यांचं नातं तीन-चार वेळा बदलतं. हे नातं सैल होतं त्याला स्लिप म्हणतात. गिअर बदलताना ते पुन्हा जुळवावं लागतं त्याला शिफ्ट म्हणतात.

या लेखात एकच गोष्ट मांडायची आहे. स्लिप हा शर्यतीच्या गाडीने केलेला खर्च असतो. सुटताना तो सढळ हाताने करावा, शिफ्टच्या वेळी हिशेबाने करावा आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये कवडीही वाया जाऊ देऊ नये. हा खर्च कानाने किंवा पाठीला बसणाऱ्या झटक्याने कळत नाही. तो मोजावा लागतो.

वेगाचं जुनं वेड

मल्हाररावांचं नाव मिरवणारं मल्हारगंज हे होळकरांच्या जुन्या इंदूरचा भाग, राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. या शहराला मोटारींचं वेड नवं नाही. यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांनी १९३०च्या दशकात अमेरिकेतून ड्यूसेनबर्ग एसजे मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन माणसांची उघडी बॉडी चढवून घेतली. आठ सिलिंडर, सुपरचार्जर आणि कंपनीने जाहीर केलेली ३२० अश्वशक्ती. ज्या काळात साधी मोटार पन्नास-साठ अश्वशक्तीवर समाधान मानायची, त्या काळातला हा आकडा. नारिंगी आणि काळ्या रंगातली ती गाडी आजही जगातल्या नामांकित मोटारींमध्ये मोजली जाते.

त्या गाडीत तीन गिअरचा हाताने बदलायचा डबा आणि पायाचा क्लच होता. एवढी ताकद उभ्या जागेवरून रस्त्यावर उतरवायची तर क्लच घासत सोडावा लागे. जोरात सोडला तर चाकं जागीच फिरणार, हळू सोडला तर पट्ट्या जळणार. ड्रॅग रेसिंगचा सगळा प्रश्न याच एका वाक्यात आहे, आणि त्याचं तेलातलं उत्तर तोवर जहाजांसाठी शोधलं गेलं होतं.

१९८०च्या दशकात इंदूरपासून तीसेक किलोमीटरवर पीथमपूर उभं राहिलं. कायनेटिक होंडा, बजाज टेम्पो, आयशर, हिंदुस्तान मोटर्स, एल अँड टी-केस. मल्हारगंजातल्या कितीतरी मराठी घरांत त्या काळी पीथमपूरची पहाटेची बस पकडणारं एक तरी माणूस असे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी मिळून आणलेली ९८ सीसीची गिअर नसलेली स्कूटर याच पीथमपुरात तयार व्हायची. बटन दाबून सुरू होणारी ती गाडी चालवायला शिकताना एका अख्ख्या पिढीने एक गोष्ट नकळत अनुभवली: ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन आधी गरजतं आणि गाडी क्षणभराने उठते. तिच्यातला केंद्रोत्सारी क्लच ठरावीक फेऱ्या आल्याखेरीज पकडत नाही. मेस्त्रीने त्यातल्या स्प्रिंगा कडक बसवल्या तर क्लच उशिरा, पण इंजिन ताकदीवर आल्यावर पकडतो आणि गाडी झेपावते. सैल बसवल्या तर गाडी लवकर सरकते, पण दम लागल्यासारखी. ड्रॅग रेसिंगमध्ये टॉर्क कन्व्हर्टर निवडणारा माणूस नेमकं हेच ठरवत असतो, फक्त हजार अश्वशक्तीच्या पातळीवर.

तेल ताकद कशी वाढवतं

जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने १९०५ मध्ये या यंत्राचं पेटंट घेतलं. तो श्टेटिन इथल्या फुल्कान जहाजबांधणी कारखान्यात होता. वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा संथ फिरला तरच पाण्याला नीट ढकलतो. एवढी ताकद पेलणारे दातेरी गिअर बनवणं तेव्हा अवघड होतं. म्हणून त्याने ताकद द्रवाच्या प्रवाहातून पोहोचवली.

डब्यात पात्यांची तीन चाकं असतात. पहिलं, पंप, इंजिनाला बांधलेलं. दुसरं, टर्बाइन, गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. तिसरं, स्टेटर, या दोघांच्या मध्ये, एकाच दिशेने फिरू शकणाऱ्या क्लचवर बसवलेलं. पंप तेल बाहेरच्या कडेला फेकतो, ते टर्बाइनच्या पात्यांवर आपटतं आणि तिला ढकलून परत फिरतं. टर्बाइन उभी असताना परतणारं तेल उलट्या दिशेने येतं आणि पंपाला अडवू पाहतं. इथे स्टेटर अडून उभा राहतो, त्या तेलाची दिशा वळवतो आणि ते पंपाला मदत करेल अशा कोनात सोडतो. त्यामुळे टर्बाइनवरचा पीळ इंजिनाच्या पिळापेक्षा जास्त होतो. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये उभ्या जागी ही वाढ साधारण दुपटीच्या आसपास असते: इंजिनाने ४०० न्यूटन मीटर दिले तर गिअरबॉक्सला ८०० मिळतात.

गाडी वेग घेऊ लागली की टर्बाइन पंपाच्या वेगाजवळ येते, परतणाऱ्या तेलाची दिशा सुधारते आणि स्टेटरचं काम कमी होत जातं. टर्बाइनचा वेग पंपाच्या साधारण ८५ ते ९० टक्क्यांवर पोहोचला की स्टेटर मोकळा फिरू लागतो. तिथून पुढे पीळ वाढत नाही, फक्त पोहोचवला जातो. आता जी स्लिप उरते ती निव्वळ तोटा.

हे प्रत्यक्ष पाहायचं असेल तर शर्यतीला जायची गरज नाही. मुरुमाच्या ढिगात बकेट घुसवणारा बॅकहो लोडर पाहावा. आपण ब्रँड कोणताही असला तरी सगळ्यांना जेसीबीच म्हणतो. बकेट ढिगात रुतलेली, चाकं जवळजवळ थांबलेली, इंजिन गरजत असतं आणि तरी ते बंद पडत नाही, यंत्र इंचाइंचाने पुढे रेटत राहतं. इंजिन आणि चाकं यांच्यामधला फरक तेल पोटात घेतं आणि पीळ वाढवून देतं. केसचे असे लोडर पीथमपुरातच बनतात. म्हणजे ड्रॅग रेसिंगच्या गाडीचं मर्म मल्हारगंजापासून तासाभराच्या अंतरावर रोज जोडलं जातं.

स्टॉल: सुटण्याआधीचा आकडा

टर्बाइन धरून ठेवली आणि इंजिनाला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तर इंजिन एका फेरीसंख्येवर जाऊन अडतं. त्याला स्टॉल म्हणतात. ड्रॅग रेसर कन्व्हर्टर विकत घेताना पहिला प्रश्न याच आकड्याचा विचारतो. इंजिनाची ताकद साडेपाच हजारांवर येत असेल आणि कन्व्हर्टर अडीच हजारांवर अडत असेल, तर गाडी सुटताना इंजिन अर्ध्या झोपेत असतं.

मात्र स्टॉल हा कन्व्हर्टरवर कोरलेला कायमचा आकडा नसतो. तो इंजिनाबरोबर बदलतो. पंप जो पीळ शोषतो तो फेऱ्यांच्या वर्गाने आणि व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो. याचे दोन परिणाम होतात.

पहिला व्यासाचा. १२ इंचाच्या जागी १० इंचाचा कन्व्हर्टर बसवला, तर त्याच पिळाला त्याच्या फेऱ्या साधारण दीडपटीहून अधिक चढाव्या लागतात. २००० चा स्टॉल ३१०० च्या पुढे जातो. म्हणून ड्रॅगच्या गाड्यांत ८, ९, १० इंचांचे छोटे कन्व्हर्टर दिसतात.

दुसरा पिळाचा. इंजिनाचा पीळ दुप्पट केला तर स्टॉल दुप्पट होत नाही, तो १.४ पटीने वाढतो. एखाद्या गाडीत ३००० वर अडणारा कन्व्हर्टर, टर्बो लावून पीळ दुप्पट केलेल्या त्याच गाडीत ४२०० च्या वर अडेल. मित्राच्या गाडीत चांगला चालला म्हणून तोच कन्व्हर्टर आपल्या गाडीत टाकणारे लोक इथेच फसतात.

यात हवेचाही वाटा असतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे हवा जवळजवळ ५ टक्के विरळ. त्यात मे महिन्यातलं ४२ अंशांचं तापमान. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ही उष्णता आणखी साडेआठ टक्के घनता काढून घेते. टर्बो नसलेल्या इंजिनाला इथे मिळणारी हवा समुद्रकाठच्या थंड दिवसापेक्षा तेरा टक्के कमी भरते. पीळ त्या प्रमाणात घटतो आणि ४००० चा स्टॉल ३७०० च्या आसपास येतो. परदेशातल्या तक्त्यावरून मागवलेला कन्व्हर्टर इथे घट्ट वाटतो, आणि दोष गिअरबॉक्सवर जातो.

जनरल मोटर्सने १९६५ ते १९६७ या काळात आपल्या टर्बो हायड्रामॅटिक ४०० गिअरबॉक्सच्या काही गाड्यांत स्टेटरची पातीच दोन कोनांत फिरतील अशी सोय केली होती. एका कोनात स्टॉल जास्त, दुसऱ्यात कमी. सुटताना सैल, नंतर घट्ट. यंत्र गुंतागुंतीचं झालं म्हणून ते मागे पडलं, पण त्यामागचा विचार आजही खरा आहे. शर्यतीच्या प्रत्येक टप्प्याला वेगळी स्लिप लागते.

सुटण्याचा क्षण

साध्या गाडीत ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दिला तर मागची चाकं ब्रेकला न जुमानता फिरू लागतात. स्टॉलपर्यंत पोहोचताच येत नाही. म्हणून ड्रॅगच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ट्रान्सब्रेक असतो. चालक बटन दाबतो तेव्हा तेलाच्या वाटा अशा वळतात की पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी लागतात. गिअरबॉक्सचा शाफ्ट जागच्या जागी कुलूपबंद होतो. इंजिन थेट स्टॉलवर चढतं, टर्बोत दाब भरतो. दिव्यांच्या खांबावर हिरवा लागण्याआधी चालक बटन सोडतो, रिव्हर्स सुटतो आणि दुप्पट झालेला पीळ एका क्षणात चाकांवर उतरतो.

या क्षणी तेलाची अवस्था काय असते ते आकड्यांत पाहावं. समजा इंजिन स्टॉलवर २०० अश्वशक्ती देत आहे, म्हणजे सुमारे १५० किलोवॅट. गाडी उभी आहे, म्हणजे ही सगळी ताकद उष्णता होते. कन्व्हर्टरमध्ये पाच किलो तेल धरलं तर ते दर सेकंदाला सुमारे १५ अंशांनी तापतं. दहा सेकंद धरून ठेवलं तर तापमान दीडशे अंशांनी वाढेल. म्हणूनच कंपन्यांची माहितीपत्रकं स्टॉलची चाचणी पाच सेकंदांपेक्षा जास्त करू नका असं बजावतात. सुरुवातीच्या रेषेवर प्रतिस्पर्ध्याला ताटकळत ठेवायची युक्ती करणारा चालक स्वतःच्याच गिअरबॉक्सचं आयुष्य कमी करत असतो.

सात हजार फेऱ्यांवर फिरणाऱ्या या डब्यात तेल कडेला रेटलं जातं, आणि दहा इंचाच्या कन्व्हर्टरमध्ये कडेजवळचा दाब तीस बारच्या घरात जातो. झाकणावर आतून कित्येक टनांचं बळ येतं. पत्रा पातळ असेल तर कन्व्हर्टर फुगतो, इंजिनाच्या क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि थ्रस्ट बेअरिंग खातो. बाजारातून स्वस्तात उचललेला जुना कन्व्हर्टर छोटा करून घेतला आणि दोन शर्यतींत इंजिन गेलं, अशी उदाहरणं याच कारणाने घडतात. शर्यतीच्या कन्व्हर्टरमध्ये आतून जाड पत्रे जोडतात ते यासाठी.

शिफ्ट: झटक्याने फसू नये

अमेरिकेत ड्रॅग रेसिंगची संस्था एनएचआरए १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी उभी केली. त्याच्या आदल्या वर्षी शेव्हरोलेने पॉवरग्लाइड नावाचा दोनच गिअरचा ऑटोमॅटिक डबा बाजारात आणला होता. शांत, कौटुंबिक गाड्यांसाठी बनवलेला हा डबा आजही शर्यतीत वापरला जातो. कारण सरळ आहे: वजन कमी, फिरणारे भाग कमी आणि चारशे मीटरमध्ये एकच शिफ्ट. पहिला गिअर १.७६, दुसरा सरळ एकास एक.

आता ही एक शिफ्ट उलगडून पाहू. इंजिन ७००० वर आहे, स्लिप ५ टक्के. म्हणजे टर्बाइन ६६५० वर. शिफ्ट झाली. चाकांचा वेग क्षणात बदलत नाही, त्यामुळे टर्बाइनला खाली यावंच लागतं: ६६५० भागिले १.७६, म्हणजे सुमारे ३८००. साध्या क्लचची गाडी असती तर इंजिनही ३८०० वर आपटलं असतं आणि ताकदीच्या पट्ट्याबाहेर गेलं असतं. कन्व्हर्टर असल्यामुळे इंजिन ५६०० च्या आसपास थांबतं. त्या क्षणी स्लिप ३२ टक्के असते आणि स्टेटर पुन्हा कामाला लागून थोडा पीळ वाढवून देतो. पुढच्या काही सेकंदांत टर्बाइन वर येते, इंजिन आपल्या जागी संथपणे चढत राहतं आणि दोघांमधलं अंतर मिटत जातं.

चांगल्या कन्व्हर्टरची ही खूण आहे. नोंदयंत्राच्या आलेखावर इंजिनाची रेषा शिफ्टनंतर खाली येऊन ताकदीच्या पट्ट्यात स्थिरावते आणि शाफ्टची रेषा खालून येऊन तिला गाठते. कन्व्हर्टर फार घट्ट असेल तर इंजिन ४७०० पर्यंत बुडतं आणि गाडी गिअर बदलताच मलूल होते. फार सैल असेल तर इंजिन ६४०० वर टिकतं, आवाज जोरदार येतो, चालकाला गाडी धावते आहे असं वाटतं, पण रेषेपाशी बरीच मेहनत तेलात गेलेली असते.

आपल्याकडे शिफ्टचा कस झटक्यावर ठरवण्याची सवय आहे. पाठीला धक्का बसला म्हणजे गिअर जलद लागला, असं समजतात. खरं तर दोन गिअरचे क्लच क्षणभर एकाच वेळी पकडले तरी तसाच झटका बसतो; तेव्हा गाडी स्वतःलाच ब्रेक लावत असते. उलट, जुना क्लच आधी सुटला आणि नवा उशिरा पकडला तर मध्ये इंजिन मोकळं सुटून फेऱ्या वर उडतात. या दोन दोषांच्या मधली वेळ सेकंदाच्या काही शतांश भागांत असते. ती शरीराला कळणं शक्य नाही.

मग दोष कन्व्हर्टरचा की गिअरबॉक्सचा, हे कसं ओळखायचं? तीन वेग मोजायचे: इंजिनाचा, टर्बाइनच्या शाफ्टचा आणि गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा. इंजिन आणि टर्बाइन यांत फरक असेल तर ती कन्व्हर्टरची स्लिप. टर्बाइनचा वेग भागिले त्या गिअरचं गुणोत्तर, हे उत्तर प्रोपेलर शाफ्टशी जुळत नसेल तर गिअरबॉक्समधले क्लच घसरत आहेत. पहिल्या आजाराचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तरी हे तीन आकडे न बघता गिअरबॉक्स उघडायची घाई सगळीकडे होते आणि मालकाचे लाखभर रुपये सहज जातात.

रेषेपाशीचा हिशेब

शेवटच्या टप्प्याची स्लिप वहीवरही काढता येते. समजा गाडी रेषा ताशी २०० किलोमीटर वेगाने ओलांडते आहे. टायरचा परिघ २.२३ मीटर, मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१०, टॉप गिअर एकास एक. चाक मिनिटाला सुमारे १४९५ फेऱ्या मारतं, प्रोपेलर शाफ्ट ६१२८. इंजिनाच्या नोंदीत ६५०० दिसलं तर स्लिप ५.७ टक्के. ड्रॅगच्या कन्व्हर्टरसाठी हा आकडा चांगला.

इथे एक सापळा आहे. ड्रॅगचा मऊ टायर वेगाने फिरताना फुगून उंच होतो. त्याचा परिघ तीन टक्क्यांनी वाढला असेल तर शाफ्ट प्रत्यक्षात ५९५० वरच फिरत होता आणि खरी स्लिप साडेआठ टक्के होती. उभ्या गाडीचा टायर फीत लावून मोजणारा माणूस स्वतःच्या कन्व्हर्टरला नेहमी असतो त्याहून चांगला समजतो. म्हणून प्रोपेलर शाफ्टवर सेन्सर लावणं हाच खात्रीचा मार्ग. एक दातेरी कडं आणि एक हॉल सेन्सर, एवढंच सामान लागतं.

आणि टक्के दिसायला लहान असले तरी हजार अश्वशक्तीच्या गाडीत ६ टक्के म्हणजे ६० अश्वशक्ती. एका लहान मोटारीचं अख्खं इंजिन केवळ तेल तापवण्यात खर्ची पडतं.

आपल्या धावपट्टीवर

भारतात ड्रॅग रेसिंगला स्वतःची पट्टी फारशी मिळाली नाही. विमानांची धावपट्टी उधार घेऊनच ती बहुतेक वाढली. पुणे जिल्ह्यातल्या ॲम्बी व्हॅलीवरची ‘व्हॅली रन’ ही त्यातली सर्वांत परिचित. तिथे पॉवरग्लाइड आणि ट्रान्सब्रेकच्या गाड्या जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात त्या रस्त्यावरच्या, ताकद वाढवलेल्या गाड्या. त्यांच्यामुळे स्लिपचा प्रश्न नव्या रूपात समोर येतो.

एका बाजूला फोक्सवॅगन-श्कोडा घराण्याच्या, दोन क्लचच्या डीएसजी डब्याच्या गाड्या. सुटताना त्यांना क्लच घासावाच लागतो. कोरड्या क्लचमधली घसरण पट्ट्या खाते. तेलातली घसरण तेल तापवते. झिजलेली पट्टी परत येत नाही, तापलेलं तेल दहा मिनिटांत थंड होतं. उभ्या जागेवरून वारंवार सुटायचं असेल तर कन्व्हर्टरचं पारडं इथे जड आहे.

दुसऱ्या बाजूला बीएमडब्ल्यूची एम३४०आय. २०२१ मध्ये ३८७ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर घेऊन आलेली, चेन्नईत जोडली जाणारी ही गाडी आपल्याकडच्या हौशी रेसरांमध्ये लोकप्रिय आहे. तिच्यात झेडएफ कंपनीचा आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर डबा आहे. या घराण्याच्या पहिल्या पिढीत गिअरची गुणोत्तरं ४.७१, ३.१४, २.११, १.६७, १.२९, १.०० अशी उतरतात. दोन गिअरमधलं अंतर कुठेच पॉवरग्लाइडच्या १.७६ एवढं नाही. तिसऱ्या-चौथ्यात तर जेमतेम सव्वा पट. त्यामुळे शिफ्टनंतर इंजिन सावरायला कन्व्हर्टरची मदत लागतच नाही. गाडी सुटली की आतला लॉकअप क्लच पंप आणि टर्बाइन एकमेकांना जखडून टाकतो आणि पुढची सगळी धाव जवळपास स्लिपशिवाय होते. खर्च फक्त सुटताना होतो.

पण सॉफ्टवेअर बदलून इंजिनाचा पीळ दीडपट केला, की तोच लॉकअप क्लच घसरू लागतो. तो मुळात तेवढा पीळ धरायला बनवलेला नसतो. आलेखात टॉप गिअरमध्ये इंजिन आणि टर्बाइन यांच्यात फरक दिसू लागला तर पुढच्या धावेआधी थांबावं. गिअरबॉक्सच्या संगणकात दाब वाढवून घ्यावा, किंवा इंजिनाचा पीळ कमी करावा.

सुटताना तेल आणि नंतर थेट जोडणी, ही कल्पना आपल्या देशाने फार आधी यशस्वी करून दाखवली होती. भारतीय रेल्वेतले अभियंता मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी असाच द्रव-यांत्रिक डबा तयार केला. उभी मालगाडी हलवताना कन्व्हर्टर, वेग आल्यावर यांत्रिक जोडणी. ‘सुरी ट्रान्समिशन’ म्हणून तो रेल्वेच्या इंजिनांत बसवला गेला आणि सुरी यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. आपल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना फ्योटिंगर ठाऊक नसला तर समजू शकतो; सुरी ठाऊक असायलाच हवेत.

पट्टी आपल्याजवळच आहे

मल्हारगंजातून बडा गणपतीवरून विमानतळाकडे गेलं की पुढे सुपर कॉरिडॉर लागतो. रुंद आणि सरळ. असा रस्ता रात्री मोकळा दिसला की तरुणांचा हात ॲक्सिलरेटरकडे जाणं स्वाभाविक आहे, आणि तेच सर्वांत धोक्याचं आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्ष किंवा दहा हजार. पण कायद्यापेक्षाही मोठी गोष्ट समोरून येणाऱ्या माणसाची आहे. त्याने या शर्यतीत नाव नोंदवलेलं नसतं.

पीथमपुरात नॅट्रॅक्स आहे. २९ जून २०२१ रोजी तेव्हाचे अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांनी तिथल्या ११.३ किलोमीटरच्या वेगवान ट्रॅकचं उद्घाटन केलं. १६ मीटर रुंद, आशियातला सर्वांत लांब. देशभरातल्या कंपन्या तिथे आपल्या गाड्यांचे वेग, ब्रेक आणि गिअरबॉक्स तपासतात. याच आवारात ‘बाहा एसएईइंडिया’ ही विद्यार्थ्यांनी बनवलेल्या गाड्यांची स्पर्धा अनेक वर्षं भरली आहे. देशभरातल्या कॉलेजांची मुलं लहानशा इंजिनाची गाडी स्वतः जोडून इथे चिखलात उतरवतात. म्हणजे सुरक्षा, रुग्णवाहिका, तांत्रिक तपासणी, शिस्त या सगळ्याचा अनुभव तिथे आहे.

म्हणून मागणी साधी आहे. नॅट्रॅक्स आणि मोटार क्रीडेची राष्ट्रीय संस्था एफएमएससीआय यांनी मिळून वर्षातून निदान एक-दोन दिवस, हेल्मेट, तपासणी आणि शुल्क यांच्या अटींवर, एखाद्या सरळ पट्ट्यावर ४०२ मीटरची धाव सामान्य हौशी रेसरांना खुली करावी. प्रत्येक गाडीत नोंदयंत्र सक्तीचं ठेवावं. एसजीएसआयटीएससारख्या इंदूरच्या जुन्या कॉलेजातल्या मुलांना ते आलेख वाचायला बसवावं. कन्व्हर्टरची स्लिप कुठली, गिअरबॉक्सची कुठली, टायर किती फुगला, हे ज्या मुलाने एका दिवसात दहा गाड्यांवर शोधून काढलं, त्याला पीथमपुरातला कुठलाही कारखाना नोकरीला घेईल.

आणि तोपर्यंत गॅरेजवाल्या मित्रांना व गाडीमालकांना एवढंच सांगणं: ऑटोमॅटिक गाडी उठत नाही म्हणून गिअरबॉक्स उघडण्याआधी तीन वेग मोजा, त्यांचे भागाकार करा, आणि मगच पान्याला हात लावा.